लोंबीच्या काठाची फाइल

आंधळगाव,
७ डिसेंबर २०२५

दादा,

वर ती. स्व. लिहावं की नाही यात पाच मिनिटं गेली, म्हणून नुसतं दादा. पत्र पाहून घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. तू माझा नंबर ब्लॉक केलास, बाबांचाही केलास, तेव्हा पोस्टाशिवाय माझ्यापाशी रस्ता उरला नाही. इचलकरंजीचा पत्ता कीर्तीवहिनीनं दिला. तिच्यावर ओरडू नकोस. चार वेळा मागितला तेव्हा दिला.

काम सांगते. एक ऑनलाइन दुकान आहे. लोक तिथं चित्र निवडतात आणि ते छापून त्यांच्या घरी पोचवलं जातं, भिंतीवर लावायला किंवा उशीच्या अभ्र्यावर, पिशवीवर. ते आता हातमागाच्या नमुन्यांची मालिका काढत आहेत. मी सेतू केंद्रात दिवसभर लोकांचे दाखले अपलोड करते, तिथंच एकदा ही जाहिरात दिसली. मला बाबांची पेटी आठवली. त्यांनी चाळीस वर्षांत ग्राफपेपरवर चौकट चौकट भरून काढलेले साडीच्या काठांचे नक्शे त्यात नुसते पडून आहेत. माग तर तू गेल्यावर वर्षभरात बंद झाला.

दुकानाला बारा नमुने लागतात. बारा म्हणजे बारा, अकरा चालत नाहीत. मुदत ३१ जानेवारी. माझ्याजवळ अकरा चांगले आहेत. बाकीचे उंदरांनी खाल्ले आहेत किंवा पाण्यानं पसरले आहेत. बारावा लोंबीचा काठ हवा, तो धानाच्या लोंबीचा, आणि तो पेटीत नाही. बाबा म्हणाले अंकुशनं नेला असंल. नेला असशील तर पाठव.

आता तू म्हणशील, दामिनीला तोंड कसं झालं हे मागायला. सहा वर्षांपूर्वी याच काठासाठी बाबांना जिल्हा प्रदर्शनाचं प्रमाणपत्र मिळालं आणि विणकर सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार होता. तिथं भर लोकांत तू उठून म्हणालास की हा काठ बाबांनी काढलेला नाही, मी काढला. त्यावर मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. मला ते पुन्हा उगाळायचं नाही. बाबाही विसरायला तयार आहेत. तू आता मोठं मन कर.

एक गोष्ट वहिनीनं सांगितली नसेल. बाबांना काचबिंदू आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेली ती नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. त्यांना आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, समोरचं तेवढं. आपले काठ छापलेले, खाली आपलं नाव, एवढं त्यांना बघायचं आहे. पुढच्या वर्षीपर्यंत ती नळी किती उरेल हे कोणी सांगत नाही.

दामिनी

*

आंधळगाव,
२१ डिसेंबर २०२५

दादा,

नक्शा मिळाला. सोबत एक ओळ नाही, एक शब्द नाही. पाकिटावर पत्तासुद्धा वहिनीच्या अक्षरात. वर तू त्याच्या चार घड्या करून तो पाकिटात कोंबलास. मधोमध दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ पडली आहे. भंडाऱ्याच्या छपाईवाल्या विनोदभाऊनं स्कॅन करताना विचारलं, हा कागद कोणी खिशात घालून फिरत होतं का.

मला वाटलं होतं स्कॅन केलं, पाठवलं, झालं. कसलं काय. आधी अकराच फाइली पाठवल्या, त्या अकराच्या अकरा परत आल्या. कारण, रिझोल्यूशन कमी. मी मोबाइलनं फोटो काढले होते, ते त्यांना चालत नाहीत. मग सुटी काढून वरठीवरून भंडाऱ्याला गेले आणि विनोदभाऊकडे मोठ्या स्कॅनरवर काढून आणले. परत पाठवले. परत नाकारले. कारण, कागद पिवळा दिसतो. पिवळा काढून पांढरा केला. नाकारले. कारण, छापताना कडा कापतात म्हणून चारी बाजूंनी चित्र थोडं जास्त असावं लागतं, आणि बाबांनी तर कागद वाया जाऊ नये म्हणून शेवटच्या चौकटीपर्यंत लोंब्या आणि मोर ठासून भरलेले. आता त्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या दुकानाच्या कात्रीचा विचार करायचा होता?

दुकानाच्या फोनवर कामिनी नावाची एक मुलगी आहे. इतकी गोड बोलते की रागावताही येत नाही. प्रत्येक वेळी म्हणते, "मॅम, तुमचं आर्टवर्क खूप सुंदर आहे, फक्त फाइल रिजेक्ट झाली आहे."

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो ग्राफपेपरच्या रेघांनी. कागदावर ज्या बारीक हिरव्या चौकटी छापलेल्या असतात, त्या चित्रात दिसायला नकोत. संगणकाला सांगितलं, हा हिरवा रंग सगळीकडून काढ. त्यानं काढला. सोबत बाबांचे सगळे राघू पण उडाले. नुसत्या लाल चोची राहिल्या, ओळीनं बावीस. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना पडदा नीट दिसत नाही, पण चूक बरोबर दिसते. म्हणाले, राघू कुठं गेले? मी म्हटलं, जेवायला गेले.

म्हणजे आता उपाय एकच. चित्र चारशे टक्के मोठं करायचं आणि एकेका चौकटीभोवतीची हिरवी रेघ हातानं पुसायची. एका काठाला एक अख्खी संध्याकाळ जाते. सेतूतून आल्यावर हेच. बाबा शेजारी बसून सांगत राहतात, तिथं नाही, डावीकडं, हा मोराचा तुरा आहे, पुसू नको. स्वतःच्या हातानं भरलेली चौकट अन् चौकट त्यांना पाठ आहे. आठ काठ झाले. लोंबीचा शेवटी ठेवला आहे, तुझ्या घडीमुळे त्याला जास्त वेळ लागेल.

आणि हो, तो आला तेव्हा बाबांना हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली, नाकाजवळ नेला आणि काही न बोलता परत दिला. बाकीच्या काठांवर तासन्‌तास बोलणारा माणूस. मला वाटलं तुझी आठवण आली असेल.

दामिनी

*

आंधळगाव,
४ जानेवारी २०२६

दादा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीची दोन फाडली, त्यात मीच बरोबर निघत होते.

गुरुवारी लोंबीचा काठ उघडला. चारशे टक्के. पहिलीच लोंबी, सात दाणे. बाबांची चौकट भरायची एक पद्धत आहे, ती मला अकरा काठ पुसून पुसून डोळ्यांत बसली आहे. पेन्सिलीच्या तीन तिरप्या रेघा, खाली डावीकडून वर उजवीकडे, मग त्यावर रंग. रंगाखाली त्या रेघा दिसतात. प्रत्येक काठात, प्रत्येक चौकटीत, चाळीस वर्षं तीच तऱ्हा. या काठात रेघा उलट्या झुकल्या आहेत. मला वाटलं स्कॅन उलटं झालं. फाइल सोडून मूळ कागद घेतला आणि अंगणात उन्हात जाऊन पाहिला. उलट्याच. सगळ्या चौकटी. दाण्याचा रंग जिथं थोडा पुसटला आहे तिथं तळहात घासल्याचा डाग आहे, तोही चुकीच्या बाजूला.

तू डावखुरा आहेस. शाळेत गुरुजी तुला त्यावरून छड्या मारायचे, आणि मी घरी येऊन आईला सांगायचे.

आता मी हॉलमध्ये काय बोलले ते लिहिते. तू म्हणालास काठ तुझा. सगळा हॉल बाबांकडे पाहायला लागला. बाबांच्या गळ्यात हार, हातात नारळ, आणि तोंडातून शब्द नाही. मी उठले आणि म्हणाले, "बाबांनीच काढला. मी समोर बसून पाहिला." दादा, तो काठ काढला गेला त्या महिन्यात मी नागपूरला परीक्षेला होते. मी समोर बसले नव्हते. मागे पण बसले नव्हते. मी काहीच पाहिलं नव्हतं. बाबा खोटं बोलतील हे मनात आलंच नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलून टाकलं. खोटं बोलणारी मीच निघाले. तुझ्याकडे लोक हसत होते ते मी पाहिलं आणि खाली बसले. तू दारातून निघताना एकदाच माझ्याकडे वळून पाहिलंस. लोकांना सांगताना मी ते तुझं गुर्मीनं बघणं म्हणत आले.

कागद घेऊन बाबांपुढे उभी राहिले. विचारलं, या रेघा उलट्या काहून आहेत? ते थेंब घालून डोळे मिटून पडले होते. डोळे न उघडता म्हणाले, "मले मालूम होतं तुले दिसंल म्हणून."

मग सांगितलं. प्रदर्शनाच्या फॉर्मवर विणकर कार्डाचा नंबर लागत होता. तुझं कार्ड झालेलं नव्हतं. साडी दोघांनी विणली, नक्शा तुझा, नंबर त्यांचा. त्यांनी फॉर्म भरला आणि तुला सांगितलं की नंबर माझा लावू, नाव तुझं सांगू. साडी निवडली गेली. प्रदर्शनात साहेबांनी स्टेजवरून लक्ष्मणराव म्हणून पुकारलं. "हार गळ्यात पडला," बाबा म्हणाले, "अन् मंग तोंडच नाही उघडलं. आज सांगतो, उद्या सांगतो. मंग तू उठली अन् बोलली. मंग सांगायले जागाच नाही राहिली."

म्हणजे मी त्यांची जागा बंद केली. मला इतका राग आला की मी पाण्याचा गडू आपटला. त्यांच्यावर आला, माझ्यावर आला, आणि खरं सांगते, तुझ्यावरही आला. तू तो कागद घडी करून पाठवलास तेव्हा तुला ठाऊक होतं मी काय पाहणार. एक ओळ लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? पण मग मी ती ओळ खोटीच मानली असती, हेही आहे.

माफी माग म्हणशील तर मागते. मागितली असं समज. पण माफीला फॉर्ममध्ये रकाना नाही. रकाना आहे चित्रकाराच्या नावाचा, आणि खाली त्याच्या सहीचा. बाराव्या फाइलसमोर तो रिकामा ठेवला आहे. फॉर्म सोबत जोडते. सही करून पाठव.

दामिनी

*

आंधळगाव,
१८ जानेवारी २०२६

दादा,

तेरा दिवस वाट पाहिली आणि काल वहिनीच्या फोनवरून एक ओळ आली. "सगळे बाबांच्या नावानं टाक. मला काही नको." फॉर्मचा पत्ता नाही.

वाचून मला रडू यायला पाहिजे होतं. आली ती तिडीक. मोठं मन कर असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, तर आता तू ते माझ्या तोंडावर फेकून मारलंस. तुला काही नको होतं तर हॉलमध्ये उठलास कशाला? तुला हवं होतं. एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, पोरानं काढला. ते तुला मिळालं नाही, म्हणून आता तुला काहीच नको. तुझा हा स्वभाव मी लहानपणापासून ओळखते. जेवणात मीठ कमी पडलं तर तू ताटावरूनच उठायचास.

मी कामिनीला फोन केला. अकरा फाइली मंजूर झाल्या आहेत, बारावीही पास झाली, घडीची रेघसुद्धा निघाली. मी विचारलं, अकरांवर एक नाव आणि बाराव्यावर दुसरं नाव चालेल का? ती म्हणाली, "सॉरी मॅम, एका संचाला एकच आर्टिस्ट. सिस्टिम दुसरं नाव घेतच नाही." मी म्हटलं, बाई, काठ घेतले, नावं घ्यायला काय झालं. ती पुन्हा सॉरी म्हणाली.

हे बाबांना सांगितलं आणि तुझी ओळही वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "एकच नाव चालते म्हणते ना? तं त्याचं टाक. बाराच्या बाराले."

मी डोकं धरून बसले. तू म्हणतोस बाराही त्यांचे, ते म्हणतात बाराही तुझे. पुन्हा खोटंच, फक्त या खेपेला उलट्या बाजूनं आणि मोठेपणा करून. या घरात अकरा आणि एक असं सरळ मोजता येणारी मी एकटीच उरले आहे का? बाबांना म्हटलं, तुमचे मोर आणि राघू मी महिनाभर एकेक चौकट धुतले आहेत, ते मी दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार नाही. ते म्हणाले, दुसरा कोण, तो माझा पोरगा आहे. मी म्हटलं, हे त्याला सांगा, मला कशाला सांगता. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

तेरा दिवस उरले आहेत. एका नावानं संच दिला तर ३१ तारखेला दुकानात लागतो आणि बाबा बघू शकतात. नाही दिला तर पुढची मालिका कधी, ते कामिनीलाही माहीत नाही. मी काय करणार ते मला अजून माहीत नाही. तुला विचारतही नाही, विचारून काय मिळतं ते कळलं.

दामिनी

*

आंधळगाव,
१ फेब्रुवारी २०२६

दादा,

मुदत काल संपली. संच दिला नाही.

आता झालं ते क्रमानं सांगते. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सोसायटीची वार्षिक सभा होती, त्याच हॉलमध्ये. मी बाबांना घेऊन गेले. कुठं जातो हे सांगितलं होतं आणि कशाला तेही सांगितलं होतं. वाटेत दोनदा थांबले, एकदा चपलेचं कारण काढलं, एकदा दमल्याचं. पण आले. शेवटच्या रांगेत बसले.

अध्यक्ष जागेश्वरजींनी ऐनवेळचे विषय म्हटल्यावर मी हात वर केला. मी उठले. म्हणाले, सहा वर्षांपूर्वी इथं उभी राहून मी सांगितलं होतं की लोंबीचा काठ बाबांनी काढला आणि मी पाहिला. मी पाहिला नव्हता. तो माझ्या भावानं काढला, अंकुशनं. मी खोटं बोलले.

मला वाटलं छत कोसळेल. जागेश्वरजींनी चष्मा वर केला, सचिवाला म्हणाले, नोंद घ्या. मग म्हणाले, "बरं. पुढचा विषय, सुताचा कोटा." झालं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तू सहा वर्षं घरी आला नाहीस, आईच्या वर्षश्राद्धाला आला नाहीस, बाबांनी माग बंद केला, आणि त्यांना अर्धं मिनिट लागलं. मला खुर्ची उचलून फेकावीशी वाटली.

आणि त्याहून मोठं पुढंच आहे. बाहेर चहाच्या वेळी शकुनबाई आल्या, त्या आपल्या गल्लीच्या टोकाला माग चालवायच्या त्या. माझा हात धरून म्हणाल्या, "आमाले तं तवाच दिसलं होतं बाई. तो काठ लक्ष्मणभाऊच्या हातचा नोहता. साडी पाहून कळते ना हात." मी विचारलं, मग बोलल्या काहून नाही? म्हणाल्या, "घरची गोष्ट होती. तुमी तिघं बोलसान म्हणून वाट पाहिली."

दादा, सगळ्यांना माहीत होतं. तुझ्याकडे पाहून हसले ते तुला खोटा समजून नाही, आम्हाला हसले. माझ्या खोट्यानं कोणीच फसलं नाही. त्यानं फक्त तू गेलास.

बाबांनी हे ऐकलं. संध्याकाळी मला म्हणाले, संच कोणाच्याच नावानं पाठवू नको. पुढं कधी दोन नावं घेतील तर पाहू. मी म्हटलं, बाबा, तोवर तुमचे डोळे. ते म्हणाले, "डोळे माहे आहेत. मी ठरवीन." इतकं ठाम मी त्यांना माग बंद केल्यापासून बोलताना ऐकलं नव्हतं. मी कामिनीला कळवलं. ती म्हणाली, "ओह, मॅम, इतकी मेहनत घेतली होती." खरंच वाईट वाटलं असावं तिला.

मग मी चिडूनच काल विनोदभाऊकडे गेले. म्हटलं, ही लोंबीची फाइल, दुकानाच्या मापाची, सगळ्या कसोट्या पास झालेली. छाप. केवढी? तुझं मशीन जेवढी छापतं तेवढी. त्यानं चार फूट रुंद काढून दिली. खाली मोठ्या अक्षरात तुझं नाव टाकायला लावलं, लग्नाच्या बॅनरवर टाकतात तेवढं मोठं.

घरी आणून भिंतीला लावली. बाबा उठून अगदी जवळ गेले. आधी लोंबी पाहिली, एकेक दाणा, डोकं इकडून तिकडे हलवत, कारण एका वेळी त्यांना एवढंच दिसतं. मग खाली वाकले आणि नावावर आले. एक अक्षर दिसलं की तोंडानं म्हणायचे, मग डोकं सरकवून पुढचं. अं. कु. श. पूर्ण नाव वाचायला त्यांना बराच वेळ लागला. नावात पुढं त्यांचंच नाव येतं, तेही वाचलं. बापाचं म्हणून.

तसेच वाकून उभे होते. माझ्याकडे न वळता विचारलं, "तो कधी येते म्हणते?"

मी म्हटलं, त्यानं काही कळवलेलं नाही. ते म्हणाले, मग विचार. म्हणून हे पत्र. विचारते आहे.

दामिनी